ती गप्प असते तेव्हा

पारिजात

सिनेमातल्या थोर अभिनेत्रींचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी संवादांवर येते. अमुक सीनमध्ये काय फाडफाड बोलली आहे, तमुक सीनमध्ये रडून रडून काय जीव घेतलाय. बोलणं आणि रडणं लक्षात राहतंच, ते त्यासाठीच लिहिलेलं असतं. मला बरेच दिवस उलट्या बाजूने मोजदाद करावीशी वाटते आहे. अख्खी भूमिका नको, पुरस्कारांची यादी तर नकोच. एकच प्रसंग सांगा, जिथे तिच्या तोंडी एकही वाक्य नाही आणि तरी सिनेमा संपल्यावर तोच डोक्यात घोळत राहिला.

माझ्यापासून सुरुवात करते. 'बंदिनी' (१९६३), नूतन. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, रसभंग आहे.

कल्याणी एका मनोरुग्ण बाईची सेवा करण्याच्या नोकरीवर आहे. बाई चिडखोर, येताजाता पाणउतारा करणारी. वडील गेल्याचा घाव ताजा. आणि त्यातच कळतं की ज्याच्यापायी आपलं गाव सुटलं त्या विकासचीच ही बायको. दुसऱ्या एखाद्या सिनेमात इथे लांबलचक स्वगत आलं असतं, गेला बाजार विजा तरी कडाडल्या असत्या. बिमल रॉय काय करतात, तर जवळच कुठेतरी लोखंडाचं काम चालू ठेवतात. घणाचे ठोके आणि वेल्डिंगचा भगभगीत उजेड. तो उजेड नूतनच्या चेहऱ्यावर पडतो, जातो, परत पडतो. समोर स्टोव्ह, चहा, विषाची बाटली. चेहऱ्यावर राग म्हणावा तर राग नाही, दुःख म्हणावं तर तेही नाही. एक बाई निर्णय घेते आहे, आणि तो घेऊन झाला आहे हे अजून तिलाच कळलेलं नाही, असं काहीतरी आहे ते. नंतर ती किंचाळते, गुन्हा कबूल करते, तेही उत्तमच आहे. पण मला आठवतो तो उजेडातला चेहरा.

येऊ द्या तुमचे.

खिडकीतली मांजर

माझ्या नावाला जागून 'चारुलता' (१९६४). माधवी मुखर्जी. सुरुवातीची काही मिनिटं ती घरात नुसती फिरते. भरतकाम ठेवते, पुस्तक उचलते, ऑपेरा ग्लास घेऊन एका खिडकीच्या झडपांमधून रस्त्यावरची माणसं बघते, माणूस पुढे सरकला की पळत पुढच्या खिडकीशी जाते. मग नवरा पुस्तक वाचत वाचत तिच्या समोरून निघून जातो, ती तिथे उभी आहे याचा त्याला पत्ताच नाही. ती त्यालाही त्याच दुर्बिणीतून बघते. रस्त्यावरचा छत्रीवाला आणि घरातला नवरा, दोघं सारख्याच अंतरावर! एवढ्यात अख्खं लग्न कळतं. पुढे त्यावर कुणी एक वाक्यही बोललं नसतं तरी चाललं असतं.

तिरकस

धागा झकास आहे, पण पारिजात, तुम्ही कौतुक नूतनचं करताय आणि पगार कॅमेरामन कमल बोस यांना द्यायला हवा. उजेड त्यांचा, ठोके ध्वनीवाल्याचे, कुठला तुकडा किती वेळ ठेवायचा हे संकलकाचं. नूतन तिथे बसली होती, एवढंच निर्विवाद आहे.

गंमत सोडा, मुद्दा खरा आहे. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याशी जोडला, एकदा शवपेटीशी, एकदा कोचावरच्या बाईशी. लोक म्हणाले, वा, काय भूक दाखवली आहे, काय शोक, काय वासना! चेहरा तोच होता. 'मूक अभिनय' म्हणून आपण जे डोक्यावर घेतो त्यात आपण स्वतःच किती भर घालतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आणखी एक घ्या. 'क्वीन क्रिस्टिना' (१९३३). शेवटी ग्रेटा गार्बो जहाजाच्या नाळेपाशी उभी आहे. राज्य सोडलंय, प्रियकर मेलाय. कॅमेरा जवळ जवळ जात तिच्या चेहऱ्यावर थांबतो. सिनेमाच्या इतिहासातला एक अजरामर चेहरा. दिग्दर्शक मामूलियनने तिला काय सांगितलं होतं? कशाचाही विचार करू नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, बाकीचं प्रेक्षक लिहितील. आणि प्रेक्षक नव्वद वर्षं लिहितायत.

अनुस्वार

तिरकसराव, पासपोर्टच्या फोटोसाठी आपण सगळेच मामूलियनच्या सूचना तंतोतंत पाळतो. एकाचीही गार्बो होत नाही.

खिडकीतली मांजर

=)) अनुस्वार यांना दंडवत.

मंद्रसप्तक

तिरकस यांचा मुद्दा असा उडवून लावता येणार नाही. मी आवाजाच्या बाजूने विचार करणारा माणूस, म्हणून त्यांच्याच मुद्द्याला धरून उदाहरण देतो.

'पथेर पांचाली' (१९५५). हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. दुर्गा गेली आहे हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक करून काढून दाखवतो, बायको सर्वजया गप्प. शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो आणि करुणा बॅनर्जी कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, टाहो फुटलेला दिसतो, पण ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई आहे, वरच्या पट्टीत, काळीज चिरत जाणारी. म्हणजे इथे नटीने आवाज दिला होता आणि दिग्दर्शकाने तो काढून घेतला. तिरकस म्हणतील, झालं, पगार तारशहनाईवाल्याला द्या.

मी हा प्रसंग अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी एकाच जागी येऊन अडतो. तारशहनाई सुरू होण्याआधी काय आहे? हरिहर बोलतोय, वस्तू दाखवतोय आणि सर्वजया ऐकते आहे. त्या ऐकण्यात तिने इतकं दाबून धरलंय की वाद्य वाजायला लागतं तेव्हा ते बाहेरून आणून लावल्यासारखं वाटत नाही, तिच्यातूनच फुटल्यासारखं वाटतं. आधीचा चेहरा खरोखर कोरा असता तर तीच तारशहनाई नुसतं पार्श्वसंगीत झाली असती. अशी वाया गेलेली वाद्यं आपण शेकड्यांनी ऐकली आहेत.

आणि करुणाबाई मुरलेल्या सिनेनटी नव्हत्या. इंदिर ठाकरुण झालेल्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरातल्या, जुन्या रंगभूमीवरच्या. एकीला कॅमेऱ्याची सवय नाही, दुसरीला लोक विसरून गेलेले. त्या दोघींचं घरातलं भांडण, म्हातारीचं वाडगं उचलून निघून जाणं, यावर स्वतंत्र धागा निघेल.

जुना रेडिओ

संगीताचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. 'कुंकू' (१९३७) पाहिलाय का इथल्या तरुण मंडळींनी? शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. गाणी आहेत, बाकी नुसते घरातले, रस्त्यावरचे आवाज. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्या घरात वावरते आणि तिला रडवायला मागे एकही सारंगी नाही. आता सांगा, पगार कुणाला?

बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. नट मंडळी तेव्हा नाटकातल्यासारखी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी बोलायची. त्यात ही पोरगी नवऱ्याच्या खोलीची पायरी चढायची नाही असं ठरवते आणि ते ठरवणं तुम्हाला तिच्या मानेत दिसतं. केशवराव दाते समोर आहेत हे लक्षात घ्या, खाऊन टाकणारा नट. पण ती हलत नाही. प्रत्यक्षातही बाई तशाच, पुढे वादावादी झाली तेव्हा प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या!

अनुस्वार

रेडिओकाका, +१. 'कुंकू' पाहिलाय, पण संगीत नाही हे तुम्ही सांगेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं. यातच सगळं आलं.

माझ्याकडून 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' (१९५७). ज्युलिएटा मसीना. लुबाडली गेलेली, मरता मरता वाचलेली, रानातल्या वाटेने चालते आहे. भोवती गाणारी-वाजवणारी पोरं जमतात. गालावर काजळाचा एक काळा थेंब, आणि ती हळूहळू हसते. मग एक क्षण थेट आपल्याकडे बघते आणि नजर पुढे जाते. वाद घालायचा असेल तर घाला, मी या हसण्यावर वाद घालणार नाही.

रात्रपाळी

आपल्या सिनेमांबाबत एक वेगळाच घोळ आहे, तो कुणी काढला नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे गाण्यात नटी गप्पच असते! ओठ हलतात, आवाज दुसरीचा. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मधली छोटी बहू आठवली की आधी काय आठवतं? 'न जाओ सैंया'. नवऱ्याला थांबवण्यासाठी दारू प्यायला लागलेली बाई, सैलावलेले हात, जड पापण्या. पण ती आर्जवं गीता दत्तच्या गळ्यातली. मग तो अभिनय कुणाचा?

मला वाटतं दोघींचा, आणि मीनाकुमारीचं काम जास्त अवघड. गीता दत्तने श्वास जिथे घेतलाय तिथेच हिची छाती हलायला हवी. दुसरीच्या गळ्यातली नशा आपल्या मानेवर चढवायची. हे पाश्चात्य नटींना सहसा करावं लागलेलं नाही, म्हणून त्यांच्या अभिनयशाळांच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

अवांतर: पुरस्कार नकोत म्हटलंय, तरी एवढं सांगतेच. त्या वर्षी फिल्मफेअरच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या तीनही नामांकनांत एकटी मीनाकुमारीच होती. स्वतःशीच स्पर्धा.

तिरकस

रात्रपाळी, हा मुद्दा मला सुचायला हवा होता. मान्य.

पण मूळ धाग्यावर माझी दुसरी तक्रार आहे. गप्प असणं म्हणजे खोल, ही एक फॅशन झाली आहे. मुकी, बहिरी, वेडी अशी भूमिका दिसली की निवड समित्या पाघळतात. जेन वायमनला १९४८ च्या 'जॉनी बेलिंडा'साठी ऑस्कर मिळालं, तोंडातून एक शब्द न काढता. 'द पियानो' (१९९३) मध्ये हॉली हंटर मुकी आहे, तिचा आवाज येतो तो नुसता निवेदनात. (ती पियानो मात्र स्वतः वाजवते, त्याबद्दल टोपी काढली.) दोघी चांगल्याच. पण बोलता बोलता अभिनय करणं कमी प्रतीचं आहे का? 'सारांश'मध्ये रोहिणी हट्टंगडी आपल्या वयाच्या कितीतरी पुढची म्हातारी उभी करतात ती नुसत्या गप्प बसून नाही, आवाजातल्या थकव्यातून. तेलुगू 'मायाबझार' (१९५७) मध्ये सावित्री नाजूक शशिरेखा आहे, आणि मग तिचं रूप घेतलेला घटोत्कचही आहे. नवरीच्या देहात राक्षस! तो दरडावतो, मिशीला पीळ द्यायला हात वर नेतो आणि मग आठवतं की आपण आत्ता मुलगी आहोत. हसून पोट दुखतं. अशा गोष्टीला 'महान अभिनय' म्हणताना आपली जीभ का अडखळते?

मंद्रसप्तक

सावित्रीबद्दल शंभर टक्के. विनोद करणाऱ्या नटींवर आपण अन्यायच करतो.

पारिजात

तिरकस, मुक्या पात्राबद्दल मी बोलतच नव्हते. मुकं पात्र सिनेमाभर खुणांनी, डोळ्यांनी बोलतच असतं. मला हवं आहे ते जिला बोलता येतं, बोलायला जागाही आहे, आणि ती बोलत नाही ते.

तुमच्या वादाचा निकाल लावायला बर्गमनने एक प्रयोगच करून ठेवलाय. 'पर्सोना' (१९६६). एलिसाबेत नावाची नटी रंगमंचावर एकाएकी गप्प होते आणि गप्पच राहते, ती लिव्ह उलमन. तिची परिचारिका आल्मा, म्हणजे बीबी अँडरसन, अखंड बोलते. समुद्रकिनाऱ्यावरचा तो जुना किस्सा आल्मा सांगते तेव्हा काहीही 'दाखवलेलं' नाही, तरी सगळं दिसतं, इथे तुमचा मुद्दा जिंकतो. पण पुढे आल्मा एलिसाबेतला तिच्या नकोशा मुलाबद्दल सुनावते. ते अख्खं भाषण चालू असताना कॅमेरा ऐकणारीवर. ते संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून, तेच शब्द, आता कॅमेरा बोलणारीवर. मजकूर तोच. पहिल्या खेपेला ते आरोपपत्र वाटतं. दुसऱ्या खेपेला तीच वाक्यं बोलणारीच्याच अंगाशी येताना दिसतात. कुलेशोव्हच्या उलट झालं ना हे? बाकी सगळं तेच ठेवलं, चेहरा बदलला आणि अर्थ पालटला.

रात्रपाळी

पारिजात, हे वाचून काटा आला. वाचनखूण साठवली.

माझा प्रसंग राहिलाच होता. '४५ इयर्स' (२०१५), शार्लट रॅम्पलिंग. माळ्यावर एकटी, नवऱ्याच्या जुन्या स्लाइड्स प्रोजेक्टरवर बघते. एक फोटो, दुसरा फोटो, मग एक असा फोटो की लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांचा पाया हलतो. काय दिसतं ते सांगत नाही. तिचा चेहरा जवळजवळ हलत नाही, बटण दाबणारं बोट मात्र थांबतं. आणि अगदी शेवटी नाच संपताना ती हात खाली ओढून घेते, तो एक झटका. त्या झटक्यापुढे मला तिचं भविष्य दिसत नाही, आणि दिसावं असंही वाटत नाही.

अनुस्वार

स्मिता पाटील अजून आली नाही हे बघून आश्चर्य वाटलं, म्हणून मीच आणतो. 'उंबरठा' (१९८२). सगळ्यांना महिलाश्रमातले संघर्षाचे प्रसंग आठवतात. मला आठवतं ते सुलभाचं सुट्टीत घरी येणं. लहान मुलगी जाऊबाईंना बिलगलेली, आई परकी झालेली. स्मिता तिथे दुखावलेली आई 'करत' नाही. क्षणभर बघते, जणू ही नोंद आत्ता फक्त करून ठेवायची आहे, वाचायची नंतर. ती आधी दूरदर्शनवर बातम्या द्यायची. मला नेहमी वाटतं की वाईटातली वाईट बातमी आवाज न हलवता सांगण्याची तिथली शिस्त पुढे उपयोगी पडली असावी. माझा आपला अंदाज.

'मिर्च मसाला'च्या शेवटी हातात विळा घेऊन उभी राहते ती वेगळी. सिनेमा १९८७ मध्ये लागला, ती आदल्या डिसेंबरातच गेली होती, वय ३१. त्यामुळे तो चेहरा मला कधी नुसता सोनबाईचा म्हणून बघताच आला नाही. हा तिरकस यांच्या बाजूचा पुरावा झाला, कळतंय मला.

जुना रेडिओ

'दोघी' (१९९५) मधल्या उत्तरा बावकरही लिहून ठेवा. पोरीला शहरात पाठवायला तयार झालेली आई. तीच मुलगी परत येते तेव्हा या बाईच्या गप्प बसण्यात लाज आहे, माया आहे, आणि 'तूच का परत आलीस' हेही आहे. सोनाली कुलकर्णी आणि रेणुका दफ्तरदार दोघींची नावं झाली, योग्यच झालं. आईचं मात्र कुणी फारसं काढत नाही.

खिडकीतली मांजर

तिरकस यांच्यासाठी शेवटचं औषध. शांताल अकरमानचा 'जान डिलमान' (१९७५). पूर्ण नावात बाईचा अख्खा पत्ता आहे, तो तुम्हीच शोधा. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. कॅमेरा जागचा हलत नाही. क्लोजअप नाही. पार्श्वसंगीत नाही. एका विधवेचे तीन दिवस. दिवे लावणं-मालवणं, भांडी, बटाटे सोलणं, मुलाचे बूट पुसणं आणि दुपारी एक गिऱ्हाईक, तेही बुटांइतक्याच नेटकेपणाने. डेल्फिन सेरिग एरवी किती झळाळणारी नटी, इथे घरचा झगा घालून बटाटे सोलते. पहिल्या दिवशी सगळं घड्याळासारखं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बटाटे जास्त शिजतात, आणि ती ते भांडं घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं ते सुचत नाही. बस, तिथून जग कोसळायला लागतं.

मी हे पाहताना दोनदा झोपले, आधीच सांगते. तिसऱ्यांदा सलग पाहिला आणि नंतर बराच वेळ उठवेना. २०२२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमासिकाच्या पाहणीत समीक्षकांनी याला सर्वकालीन पहिला क्रमांक दिला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. मुरडोत.

इथे कमल बोस नाहीत, तारशहनाई नाही, तुमचा कुलेशोव्हही नाही. बघा आणि सांगा.

तिरकस

आव्हान स्वीकारलं. तीन तास एकवीस मिनिटांची नुकसानभरपाई कोण देणार तेवढं ठरवा.

तिरकस

पाहिला. दोन रात्री लागल्या.

आधी 'पर्सोना'तला तो भाग आवाज बंद करून, खालची अक्षरं झाकून पाहिला. दोन्ही खेपा. कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय ते कळतं, पण कुणावर आरोप चाललाय ते सांगता आलं नाही. म्हणजे शब्दांचं काम शब्द करतात, हा माझा मुद्दा मी सोडलेला नाही.

आता ती विधवा. बटाटे जास्त शिजायच्या आधीच मला कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. कशावरून, ते आठवायला मागे जाऊन बघितलं. एवढंच सापडलं की केस थोडे विस्कटलेत आणि ती एका कामातून दुसऱ्या कामात जाताना किंचित अडखळते. मला कुणी सांगितलं नव्हतं, चेहरा जवळून दाखवला नव्हता. तिच्या पाठीकडे बघूनही कळत होतं. शेवटी ती अंधारात टेबलापाशी कित्येक मिनिटं नुसती बसते, आणि मी माझ्या खोलीतला दिवा लावायला उठलो नाही.

'बंदिनी' आज पुन्हा लावतो. कमल बोसांचा पगार तेवढा कापू नका.

पारिजात

नाही कापत. पण स्टोव्हपाशी पोचल्यावर उजेड नसेल तेव्हाचा चेहरा बघा. उजेड असतानाचा सगळेच बघतात.

सुटीवरची

उशिरा आले, सगळं वाचून काढलं. 'जैत रे जैत' कुणीच कसा घेतला नाही??

अनुस्वार

अहो, त्यात सगळे गातच असतात.